खिशाची गोधडी

आक्कांच्या खोल्यांना भिंती विटांच्या होत्या आणि डोक्यावर पत्रा. भोसरीत तेव्हा अशा खोल्यांच्या रांगा जिकडेतिकडे उठल्या होत्या. कंपन्यांत कामाला येणाऱ्या माणसांसाठी गावच्या लोकांनी आपल्या वावरातच त्या बांधल्या होत्या. मी आले ती दिवाळी उलटल्यावर, आणि या गावात मला सगळ्यांत आधी भेटली ती थंडी. मी समुद्राकाठची. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे अंगणातलं शेण पायाला गार लागणं, एवढीच. येताना आईने पिशवीत एक चादर घातली होती, धुऊन धुऊन विरलेली. तिला बिचारीला काय ठाऊक, की इथे गारवा जमिनीतून, भिंतीतून आणि पत्र्यातून असा सगळीकडून येतो. पहाटे पत्र्याला आतून घाम सुटायचा आणि त्याचे थेंब कपाळावर पडायचे. सुरुवातीचे दिवस मला झोपेत वाटायचं, कुणीतरी वर वाकून माझ्याकडे बघतंय आणि त्याच्या केसांचं पाणी माझ्यावर गळतंय. मी डोळे उघडायची नाही. कारण ते कोण असेल, हे मला माहीत होतं.

माझे बाबा होडीवर गेले होते, होडी परत आली, बाबा आले नाहीत. शाळा तिथेच सुटली. पाठची दोन भावंडं होती, आईच्या हातात मासळीची टोपली होती, आणि भोसरीत आईची एक लांबची मावसबहीण होती, तिने मला कामाला लावून दिलं. आक्कांची खोलीही तिनेच बघून दिली. कुणीकुणी माझ्यासाठी किती केलं, ते आठवत बसले की आजही मला ओझं झाल्यासारखं होतं.

काम रबराच्या कारखान्यात. साच्यातून निघालेल्या गरम चकत्यांच्या कडांना जादा रबर चिकटून राहायचं, ते ब्लेडने कापून काढायचं. काम साधं, पण बोटं जागेवर हवीत. रात्रभर कुडकुडून गेलेल्या मुलीची बोटं सकाळी लाकडासारखी असतात. आमचे सुपरवायझर वाईट नव्हते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की ज्या मुलीचं रक्त मालावर पडेल तिला ते घरी पाठवतात, कारण मग माल परत येतो आणि बोलणी त्यांना बसतात. घरी पाठवणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. आईच्या टोपलीवर आणखी एक तोंड. म्हणून मला झोप हवी होती, आणि झोपेसाठी ऊब.

खोलीत माझ्याबरोबर शालन होती. बीडकडची, माझ्यापेक्षा मोठी, हसरी. तिच्याजवळ तिच्या आजीची जाड वाकळ होती, तिच्यात ती शिरली की सकाळपर्यंत दिसायची नाही. माझे दात वाजायला लागले तसं तिने एका संध्याकाळी पिशवीतून कॉइलची शेगडी काढली. मातीच्या ताटलीत वळ्यावळ्यांची तार, वायर थेट प्लगात. तार लाल झाली आणि खोलीला एकदम घरपण आलं. आम्ही ती पायाशी ठेवून निजलो. दुसऱ्या दिवशीही. रांगेतल्या सगळ्या खोल्यांचं मीटर एकच होतं, ते आक्कांच्या ओट्यावर. त्यातलं चाक कसं फिरतंय यावरून कोणत्या खोलीत काय चाललंय ते आक्का ओळखायच्या, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

आक्का म्हणजे आमच्या मालकीणबाई. सडसडीत, ताठ, नऊवारीतल्या. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्या दारात आल्या, आत येऊन त्यांनी स्वतःच वायर ओढून काढली. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "रातभर लाल तार बघत निजायचं व्हय? आन् बिल कोन भरनार, तुझा बाप?"

शालनच बोलली. "आक्का, तिला बाप नाही. समुद्रात गेला, सापडलाच नाही."

आक्कांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. वायर हातात तशीच होती. मग ती शेगडीवर गुंडाळून, शेगडी काखेत मारून त्या निघून गेल्या. मला वाटलं, उद्या खोलीही गेली. पण थोड्याच वेळात त्या परत आल्या त्या खांद्यावर गोधडीची वळकटी घेऊन. माझ्या चादरीवर ती टाकली, म्हणाल्या, "ही घे. शेगडी लावायची न्हाई माझ्या घरात. गार वाजलं तर पांघराया मागायचं."

अशी गोधडी मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. गोधडीला साड्या लागतात, मऊ झालेली लुगडी लागतात. ही सगळी निळ्या जाड कापडाची होती, मध्ये कुठे कुठे खाकी. कंपनीच्या वर्दीचं कापड. वळकटी उलगडली तेव्हा तेलाचा, यंत्राच्या तेलाचा, वास आला. टाके इतके बारीक आणि एका ओळीत, की बोट फिरवलं की पेरलेल्या वावरासारखं लागायचं. आणि जवळजवळ मधोमध एक खिसा होता. झाकणाचा, बटणाचा, शर्टाला छातीवर असतो तसा. बाकी सगळं कापून सपाट केलं होतं, तो खिसा मात्र जसाच्या तसा ठेवला होता. एका कोपऱ्याला हातभर जागा शिवलेलीच नव्हती. आतल्या चिंध्या दिसायच्या.

अंगावर घेतली आणि कुणीतरी दोन्ही हातांनी दाबून धरल्यासारखं वजन आलं. मी किती दिवसांनी झोपले. सकाळी जाग आली तेव्हा माझा हात त्या खिशात होता. काढून पाहिला तर नखांत बारीक चकचकीत कण. लोखंडाचा कीस. दुसऱ्या सकाळी पुन्हा हात खिशात. तिसऱ्याही. शालन हसायची, "काय गं, झोपेत कुणाचा खिसा मारायलीस?" मीही हसायची. पण तिला एक गोष्ट सांगितली नाही. थंडीतली गोधडी पहिल्यांदा अंगावर घेताना सगळी गारढोण असते, आपल्या अंगाने ती हळूहळू तापते. ही गोधडीही तशीच होती. खिसा तेवढा नव्हता.

आक्कांच्या घरात आणखी एक गोष्ट होती. मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता, पाणी तापवायचा. पहाटे, पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या पुष्कळ आधी, आक्का तो पेटवायच्या. ढलप्यांचा धूर आमच्या खोलीत यायचा, मग नळीतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज, आणि मग घराच्या आतल्या बाजूला तोंड करून दिलेली हाक. "ऊठ रं, पानी निघालंय." ती हाक मी रोज ऐकायची आणि वाटायचं, कुणी भाचा, पुतण्या असेल. पण त्या घरात आक्कांशिवाय कुणीच राहत नव्हतं. भोंगा व्हायचा, रस्त्यावर सायकलींच्या घंट्या सुरू व्हायच्या, त्या लांब जाऊन विरायच्या, आणि मग ती बादली दगडावर ओतल्याचा आवाज. रोज. विजेच्या बिलासाठी मीटरचं चाक बघत बसणारी बाई दर पहाटे कुणासाठी एवढी लाकडं जाळते, ते मी शालनला विचारलं. ती एरवी कशावरही हसणारी, पण म्हणाली, "तिकडं बघू नको. ती काही येडी नाही. पण तू तिकडं बघू नको."

मला भीतीची सवय आहे. लहानपणापासून मी घाबरट, आणि आता नातवंडं चिडवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त. पण घाबरट माणसाला एक खोड असते, ज्याची भीती वाटते ते खरं काय आहे हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पगार झाल्यावर मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इस्माईलभाईंकडे गेले. ते पिंजारी. गाद्या, उशा, रजया भरून द्यायचे. दुकानात कायम कापूस उडत असायचा, त्यांच्या भुवया, दाढी, सगळं पांढरं. निमित्त म्हणून म्हटलं, स्वस्तातली रजई करून द्या, जुना कापूस चालेल. कुठे राहतेस, त्यांनी विचारलं. मी आक्कांचं नाव सांगितलं. ते म्हणाले, आक्का तर भाडेकरणीला पांघरूण देईल, ती काही चिक्कू बाई नाही. दिलंय म्हटलं, निळ्या वर्दीची गोधडी आहे.

त्यांनी हातातला कापूस खाली ठेवला. "ती तुझ्या अंगावर आहे?"

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडंच होतं. आक्कांचा एकुलता एक मुलगा, संतू, कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला होता. एका सकाळी आंघोळ करून, डबा घेऊन पहिल्या पाळीला गेला. सायकल कंपनीच्या स्टँडला सापडली, डबाही तिलाच अडकवलेला. आत गेलेला कुणी पाहिला नाही, बाहेर जाताना कुणी पाहिला नाही. भांडण नव्हतं, कर्ज नव्हतं, बाई नव्हती. पुष्कळ शोधलं. भाऊबंद म्हणाले, आता देहाच्या जागी दर्भाचा पुतळा करून अग्नी द्या आणि मोकळ्या व्हा. आक्कांनी त्यांना घरातून बाहेर काढलं. "मग एक दिवस त्याच्या सगळ्या वर्द्या घेऊन माझ्याकडे आली," इस्माईलभाई म्हणाले. "म्हणाली, गादीत भरून टाक. मी विचारलं, आक्का, मग संतू गेला असंच समजायचं का? मी फक्त विचारलं, बेटी. तिने गाठोडं उचललं आणि चालू लागली. नंतर ऐकलं, स्वतः शिवायला बसली."

माझी रजई त्यांनी भरायला घेतली की नाही ते मला आठवत नाही. मी घरी आले आणि गोधडीची वळकटी करून कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून ठेवली. आमच्याकडे बाबांचा पुतळा केला होता. दर्भाचा. गावाने करायला लावला. आईने बाबांचा सदरा आणि त्यांचं कांबळं खाडीत सोडलं. कांबळं लगेच बुडालं, सदरा बुडेना. तो हात पसरून किती तरी वेळ तरंगत राहिला, आणि ओहोटीने त्याला ओढत नेलं. घरी आल्यावर त्यांच्या खुंटीवर काहीही नव्हतं. गेलेल्या माणसाचं पांघरू नये, ठेवू नये, हे मला तेव्हापासून ठाऊक होतं. आणि इथे मी एका गेलेल्या माणसाच्या छातीच्या खिशात हात घालून निजत होते.

मी पुन्हा चादरीवर आले. पुन्हा पत्रा गळू लागला, पुन्हा ते वाकणं. आता वाकणारे दोघे होते. दोनच सकाळी निघाल्या असतील, आणि कामावर माझं ब्लेड घसरलं. अंगठ्याच्या बाजूला खोल गेलं. रक्त मालावर पडू नये म्हणून मी हात परकरात खुपसला. सुपरवायझरांनी पाहिलंच. त्यांनी पट्टी बांधायला लावली, आणि म्हणाले, "पोरी, एवढी एकदा सोडतोय. शुक्रवारी हात असेच थरथरले तर मला सांगू नकोस, सरळ गाडी पकड." ते बुधवारी. गुरुवारी सुट्टी.

गुरुवार हा त्या भागातला चमत्कारिक दिवस असायचा. कारखान्यांची वीज बंद, म्हणून सगळ्या कंपन्यांना सुट्टी. एरवी भिंतीपलीकडची प्रेस दिवसभर जमीन हादरवत असायची, ताटातली वाटी हलायची. गुरुवारी ती थांबली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. त्या शांततेत बायका अंथरुणं उन्हात घालायच्या. रांगेच्या समोरच्या कुंपणावर, पत्र्यावर, ओट्यांवर गोधड्याच गोधड्या. मी कोपऱ्यातली वळकटी काढून बाहेर नेली, उन्हात घालायला नव्हे, परत द्यायला. आक्का ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या.

"पांघरत न्हाईस म्हनं," त्या मान वर न करता म्हणाल्या. शालनने सांगितलं असणार.

मी म्हटलं, मला कळलंय, हे कपडे कुणाचे ते.

"मग? चोरीचे हायती का?"

"आमच्याकडे गेलेल्या माणसाचं पांघरत नाहीत, आक्का."

"आमच्याकडं बी न्हाई पांघरत." सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे बघू लागल्या. "पन गेलाय कोन?"

त्यांनी गोधडी माझ्या हातातून घेतली, ओट्यावर उन्हात पसरली आणि एका कडेला बोट ठेवलं. तिथे कापडाला बारीक भोकं होती. म्हणाल्या, पेटीत ठेवली होती, कसर लागली. "अंगावर आली न्हाई तर सगळी खाऊन टाकंल. उद्या आला आन् म्हनला, आये, माझे कपडे कुठं हायती, तर काय दावू, भोकं?" मग हळू आवाजात: "शालन म्हनली तुझा बाप सापडला न्हाई. म्हनलं, हिला द्यावी. हिला ठावं असंल कसं संभाळायचं."

तेव्हा मला रडू आलं. मी सांगितलं, की आम्ही काहीच सांभाळलं नाही. पुतळा सांगितला, कांबळं सांगितलं, तो न बुडणारा सदरा सांगितला. हे मी त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईने ते का केलं याचा राग माझ्या मनात होता, हेही मला सांगता सांगताच कळलं. आक्कांनी मला जवळ घेतलं वगैरे नाही. त्या ऐकत होत्या आणि बोटांनी उघड्या कोपऱ्यातल्या चिंध्या आत सारत होत्या.

"तुझ्या आईला पोरं हुती," त्या म्हणाल्या. "तिला माझ्यावानी बसून चाललं नसतं. मला काय. मी बसते."

मी त्या कोपऱ्याबद्दल विचारलं. पोटापाण्याचं बोलावं तसं त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात गोधडी पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यातून भाकरीचा तुकडा आत घालतात आणि मग तोंड शिवतात, म्हणजे गोधडी उपाशी राहत नाही. सासू घालायची, सासूची सासू घालायची. त्यांनी या एका गोधडीत तुकडा घातला नव्हता. घातला की गोधडी पुरी झाली. "ऊब देती का न्हाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, देते. "मग," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या.

त्या रात्री मी ती पांघरली. भीती गेली म्हणून नाही. शुक्रवार उद्यावर होता म्हणून, आणि आक्कांना परत नको म्हणायची माझी हिंमत नव्हती म्हणूनही. झोपेत पत्र्याचा थेंब पडला असेल तर मला कळला नाही. पहाटे धूर आला, नळीचा आवाज आला. मी हाकेची वाट बघत पडून राहिले. हाक आली, पण रोजच्या जागेहून नाही. आमच्या दाराची कडी वाजली, आणि दाराला अगदी लागून आक्कांचा आवाज आला, "ऊठ, पानी निघालंय."

शालन वाकळीतून डोकं काढून माझ्याकडे बघत होती. मी गेले. दगडावर बादली होती, वाफ वर जात होती, बंबाच्या तोंडाशी निखारे. आक्कांनी पहिला तांब्या भरून घेतला, दगडावर हळूच ओतला, आणि तांब्या माझ्या हातात दिला. मग पाठ फिरवून उभ्या राहिल्या. मी कापलेला अंगठा वर धरून आंघोळ केली. बाकीची नऊ बोटं इतकी मोकळी झाली, की मला ती माझी वाटेनात. त्या दिवशी माझी एकही कड चुकली नाही. मी त्या कामावर राहिले, नंतर दुसऱ्या, नंतर तिसऱ्या, भावंडं शिकली, ते सगळं त्या बादलीतून आलं, असं मी म्हणते तेव्हा घरचे हसतात. हसू देत. रोज पहिला तांब्या दगडावर, बाकीचं पाणी माझं. माझं लग्न होऊन मी तिथून निघेपर्यंत हेच चाललं. रोज ओतताना आक्का क्षणभर थांबायच्या, रस्त्यावरच्या घंट्या ऐकायला. मग मीही थांबायला लागले.

आक्का गेल्या तेव्हा मी सासरहून, चिखलीहून धावत गेले. भाऊबंदांनी त्यांचं अंथरूण बाहेर काढून ठेवलं होतं, रीतीप्रमाणे टाकून द्यायला. त्यात ही गोधडी नव्हती. ती माझ्या घरी होती; लग्नात त्यांनी मला भांडं दिलं नाही, साडी दिली नाही, ही दिली. त्या रांगेच्या जागी आता मोठी इमारत आहे. भोंगे बंद झाले. सायकली गेल्या.

माझ्या घरात थंडी शिरत नाही, तरी परवा मुलाने माझ्या खोलीसाठी हीटर आणला. फार माया करतो. मी तो परत करायला लावला. म्हटलं, बिल किती येईल, पांघरूण आहे ना. मी बिलाचंच कारण सांगते. आक्कांनीही मला तेच सांगितलं होतं. सून म्हणाली, निदान त्या कोपऱ्याला टाके घालू द्या, चिंध्या घरभर होतात. सुई-दोरा घेऊन बसलीसुद्धा. मी तिच्या हातून गोधडी काढून घेतली. थोडी जोरातच घेतली असेन, कारण ती गोंधळून बघत राहिली. तिला काय सांगू. संतू आता असलाच तर म्हातारा असेल, आणि माझे बाबा तर समुद्रात गेले. दोघांनाही परतायला किती उशीर झालाय, हे मला समजतं.

पण गेल्या आठवड्यात गारठा पडला, मी गोधडी काढली, झटकली, अंगावर घेतली. सगळी गारढोण होती. खिशात हात घातला. बोटांना कीस लागला, इतक्या वर्षांच्या धुण्यातून उरलेला. आणि आत ऊब होती. मग मी भिंतीकडे थोडी सरकले, आणि अर्धी गोधडी मोकळी सोडली.